डाव्या हाताची तर्जनी

छापखान्यात त्या दोघांची एक वेगळी खोली होती आणि त्या खोलीत दिवसभर तिचाच आवाज चालायचा. ती मूळ पुस्तक मोठ्यानं वाचायची आणि तिचा नवरा समोरच्या जाड कागदावरच्या उठावदार ठिपक्यांवरून बोट फिरवत ब्रेलची प्रत तपासायचा. वाचताना ती विरामचिन्हंसुद्धा सोडायची नाही. "तो म्हणाला, स्वल्पविराम, अवतरण सुरू, मी येणार नाही, पूर्णविराम, अवतरण बंद," असं ती एका सुरात म्हणत असली की दारावरून जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटायचं, बाईंना काहीतरी झालंय. चूक सापडली की नवरा फक्त "थांब" म्हणायचा. त्या एका शब्दाला छापखान्यातले सगळे टरकून असायचे.

तो जन्मापासून आंधळा होता. कोणी आदबीनं 'दृष्टिहीन' म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. "आंधळा म्हणा हो सरळ, मला कळतं मराठी," असं तो सुनवायचा. डोळे मात्र दिसायला धडधाकट, चांगले पाणीदार. अनोळखी माणूस बराच वेळ त्याच्याशी गप्पा मारायचा आणि मग चहाचा कप हवेतच धरून उभा राहायचा, हे घेत का नाहीत म्हणून.

ती या खोलीत वाचक म्हणून कामाला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी त्यानं तिला झापलं होतं. "बाई, अर्धविराम गिळू नका, पोटात दुखेल." संध्याकाळी ती रडवेली होऊन घरी गेली आणि दोन वर्षांनी त्याच्याशी लग्न करून मोकळी झाली. दिवसाची कटकट कमी पडत होती म्हणून बाईंनी ती घरी नेली, असं छापखान्यात म्हणायचे. मूलबाळ झालं नाही. त्याची एक धाकटी बहीण होती, ती जवळच राहायची आणि आठवड्याला एक चक्कर मारून दोघांनाही शिस्त लावून जायची.

त्या दिवशी सकाळी ती एका शालेय भूगोलाचं पुस्तक वाचत होती. नद्यांचा धडा होता. वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की आज "थांब" ऐकूच येत नाहीये. तिनं मान वर केली. त्याचं बोट ओळीच्या मध्यावर थांबलं होतं आणि कपाळावरून घाम नुसता ओघळत होता.

"अहो, काय होतंय?"

"काही नाही. वाच तू," तो म्हणाला. मग म्हणाला, "जबडा दुखतोय गं." आणि खुर्चीतून एका अंगावर कलंडला.

तिची किंकाळी ऐकून शेजारून मशीनवाला धावत आला. धिप्पाड गडी. त्यानं आधी कधीतरी छापखान्यातल्या प्रशिक्षणात कापडाच्या बाहुल्याची छाती दाबली होती, तेव्हा सगळे हसले होते. आता त्यानं तिच्या नवऱ्याला जमिनीवर उताणं केलं आणि दोन्ही हातांनी छाती दाबायला सुरुवात केली. तो रडत होता आणि दाबत होता. रुग्णवाहिका येईपर्यंत तो थांबला नाही.

रुग्णालयात पोहोचल्यावर तिला पडद्याबाहेर उभं केलं. पडद्याखालून नुसते बूट दिसत होते, इकडून तिकडे धावणारे. एका बाईचा आवाज सगळ्यांच्या वर होता, पण चढलेला नव्हता. "सगळे बाजूला. शॉक देतेय." मग, "दाबत राहा." मग, "अ‍ॅड्रेनलिन द्या." थोड्या वेळानं पुन्हा तेच. पुन्हा "अ‍ॅड्रेनलिन". तिला त्या शब्दाचा अर्थ नीट ठाऊक नव्हता, पण तो शब्द ऐकू येतोय तोवर आत कोणीतरी प्रयत्न करतंय, एवढं तिला कळत होतं. तो ऐकू येईनासा झाला तेव्हा ती पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. तेवढ्यात पडदा सरकला आणि एक पुरुष परिचारक बाहेर आला. तिथं त्यांना सगळे ब्रदर म्हणत. "ताई," तो म्हणाला, "नाडी लागली."

जिच्या आवाजाच्या आधारानं ती उभी राहिली होती त्या डॉक्टरीणबाई नंतर अतिदक्षता विभागात भेटल्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, घसा बसलेल्या. नवऱ्याच्या हृदयाची बंद पडलेली नळी उघडली होती, तिथं बारीक जाळीही बसवली होती. पण हृदय मार खाल्ल्यासारखं थकलं होतं. त्याच्या तोंडात श्वासाची नळी, गळ्याशी सुई, डाव्या मनगटात रक्तदाब मोजणारी आणखी एक नळी. गुंगीचं औषध चालू होतं. पलंगाच्या उशाशी पंप होते आणि त्यांतून औषध थेंबाथेंबानं जात होतं.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"नॉरअ‍ॅड्रेनलिन. खाली दिलं ते अ‍ॅड्रेनलिन, त्याचंच हे भावंड समजा." डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या. "माणूस घाबरला की शरीर हे आपलं आपण तयार करतं. आत्ता तुमची छाती धडधडतेय ना? हात गार पडलेत? तेच. आम्ही ते बाहेरून देतोय. त्यानं रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब टिकतो. हृदय सावरेपर्यंत मेंदूला, मूत्रपिंडांना रक्त पोचायला हवं, त्याच्यासाठी."

ती मान हलवत राहिली. मग डॉक्टरीणबाईंनी आवाज खाली आणला. "एक गोष्ट मात्र मला सतावतेय, आणि तुमच्यापासून लपवणार नाही. डोळ्यांवर उजेड टाकला की बाहुल्या आक्रसायला हव्यात. यांच्या हलत नाहीत. मधल्या वेळात मेंदूला रक्त कमी पडलं असेल तर असं होतं. आताच काही ठरवायचं नाही, आणखी तपासण्या करू. पण मन घट्ट करा."

तिनं नवऱ्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. आणि मग एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला.

"अहो बाई, पण ते आंधळे आहेत!"

ब्रदर हातातलं काम सोडून वळून बघायला लागला.

"जन्मापासून," ती म्हणाली. "त्यांच्या बाहुल्या कधीच हलल्या नाहीत. मागच्या नसाच गेलेल्या आहेत."

"आधी का नाही सांगितलंत?"

"साखर आहे का विचारलं, रक्तदाब आहे का विचारलं. हे कुणी विचारलंच नाही. आणि मला..." तिला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी. "मला ते वेगळं सांगायची सवयच राहिली नाही हो."

डॉक्टरीणबाईंनी तोंडावरून हात फिरवला. त्यासुद्धा हसत होत्या की काय कोण जाणे. "मग बाहुल्यांवरून काहीच ठरत नाही," त्या म्हणाल्या. "जागे होतील तेव्हा कळेल. सकाळपासूनची पहिली चांगली बातमी तुम्ही दिलीत." आणि उठता उठता सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "काम काय करतात?"

"छापखान्यात असतात. वाचतात."

"वाचतात?"

"बोटानं. ब्रेल."

डॉक्टरीणबाई उठता उठता थांबल्या. त्यांनी चादरीवरचा त्याचा डावा हात उचलला, उजेडाकडे धरला, एकेका नखावर दाबून पाहिलं. "कुठल्या हातानं?"

"डाव्या. या बोटानं." तिनं तर्जनीला हात लावला. ते बोट बर्फासारखं गार होतं आणि टोकाशी फिकट जांभळं दिसत होतं. दुपारी तिला वाटलं होतं, इथल्या गारठ्यानं असेल.

"नळी डाव्या मनगटात घालतो ती मुद्दाम," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "बहुतेक लोक उजव्या हातानं कामं करतात ना. तो हात मोकळा राहावा म्हणून."

मग त्यांनी भराभर कामं सांगितली. मनगटातली नळी काढून मांडीत घातली. हात कापसात गुंडाळले. हृदयाला जोर देणारं दुसरं एक औषध जोडलं आणि पहिल्याचा वेग कमी करून पाहिला. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. यंत्राच्या पडद्यावरचा रक्तदाबाचा आकडा उतरू लागला. ब्रदरनं एकदा डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. आकडा आणखी उतरला, यंत्र कोकलायला लागलं, नवऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला. "वाढवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पंपाचा वेग पुन्हा वाढला आणि चेहऱ्यावर जरा रंग आला. बोटांवरचा रंग मात्र आणखी गडद झाला.

त्यांनी तिला बाहेर नेलं नाही, तिथंच सांगितलं. "औषध सगळीकडच्याच वाहिन्या आवळतं. टोकाला असलेल्या बोटांना त्याचा पहिला फटका बसतो. कमी केलं तर काय होतं ते तुम्ही बघितलंत. जितकं कमी चालेल तितकंच ठेवते, पण आत्ता ते बंद करता येत नाही. काही बोटांची टोकं जाऊ शकतात. हा निर्णय माझा आहे, तुमच्या डोक्यावर टाकत नाही. पण तुम्हाला काही म्हणायचं असेल तर म्हणा."

तिनं कापसात गुंडाळलेला हात पाहिला. त्या एका बोटानं त्यानं काय काय वाचलं होतं. लग्न ठरलं तेव्हा तिचा चेहरासुद्धा त्यानं त्याच बोटानं वाचला होता आणि म्हणाला होता, "नाकाखाली एक अनुस्वार आहे." तो तीळ होता.

"माणूस ठेवा," ती म्हणाली. "बोटं गेली तर जाऊ देत. माणूस तेवढा ठेवा."

हृदयानं हळूहळू उचल खाल्ली. पंपाचा वेग रोज थोडा थोडा उतरवत आणला. ब्रदर येता-जाता तिला सांगायचा, "ताई, आज आणखी थोडं कमी केलं," आणि तिचा जीव तेवढ्यापुरता भांड्यात पडायचा. उजवा हात सुधारला, गुलाबी झाला. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका सावरल्या. तर्जनी आणि मधलं बोट मात्र टोकाकडून वाळत काळं पडत गेलं.

श्वासाची नळी काढली त्या दिवशी तो खरखरीत आवाजात पहिल्यांदा बोलला. "कोण आहे?"

"मी आहे."

"काय वाचत होतीस? तुझा आवाज ऐकू येत होता."

ती काही वाचत नव्हती. त्याच्या कानाशी बसून घरातलंच काहीबाही बोलत होती. मेंदू शाबूत आहे हे सांगायला तिला कोणी डॉक्टर लागला नाही. तिनं त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि पोटभर रडून घेतलं.

मग त्यानं हात हलवायचा प्रयत्न केला. "हात का बांधलाय?"

तिनं त्याचं पांघरूण सारखं केलं.

"अगं, हात का बांधलाय?"

तिनं सांगितलं. जसं घडलं तसं, काही न गाळता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तर्जनी?" ती "हो" म्हणाली. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

संध्याकाळी नणंद आली. भावाला जिवंत बघून आधी रडली आणि मग वहिनीला दाराबाहेर ओढून म्हणाली, "वहिनी, तू हो म्हणालीस? अगं, दुसरीकडे नेलं असतं, मोठ्या डॉक्टरला दाखवलं असतं. त्याची बोटं म्हणजे त्याचे डोळे गं! दुसऱ्यांदा आंधळा केलास त्याला."

बोलून झाल्यावर नणंदेनं स्वतःच जीभ चावली. पण दार उघडं होतं आणि आतल्या माणसाचे कान तर घरादारात प्रसिद्ध होते.

घरी आल्यावर तो मुकाट झाला. दिलं ते खायचा, सांगितलं की औषध घ्यायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. त्याच्या कटकटीला बायको इतकी वर्षं वैतागली होती, आता ती कटकटीसाठी आसुसली. मुद्दाम मीठ विसरून पाहिलं. तो मूग गिळून जेवला. बोटांची मेलेली टोकं काढून टाकली, जखमा भरत आल्या, तरी घरात शब्द नाही. छापखान्यातून निरोप आला की बाईंनी तरी कामावर यावं, दुसरा एक तपासनीस मिळालाय. तिनं निरोप त्याला सांगितला.

"जा की," तो म्हणाला. "त्याची बोटं शाबूत असतील."

बस. इतके दिवस तिनं ओठ आवळून धरलेलं सगळं सुटलं.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"नाही, बोला. एकदाचं बोलून टाका."

"तू मला विचारायला हवं होतंस," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "माझ्या हातांचा सौदा तू कुणाला विचारून केलास? मी बोटांशिवाय काय आहे? पलंगावर ठेवलेलं गाठोडं. त्यापेक्षा गेलो असतो तर सुटलो असतो."

"विचारायचं कुणाला? तुम्ही कुठे होतात? तोंडात नळी घालून पडला होतात!" ती त्याच्या पलंगासमोर येऊन उभी राहिली. "आणि ऐका. सगळे म्हणतात, बाईनं नवऱ्याला वाचवलं. तुमच्यासाठी नाही वाचवलं मी. तुम्हाला काय हवं असेल याचा मी विचारसुद्धा केला नाही, एक क्षणभरही नाही. मला तुम्ही हवे होतात. घरी परत एकटीनं जायचं नव्हतं मला. माझ्यासाठी केलं मी ते. आता द्या काय शिव्या द्यायच्या त्या."

तिला वाटलं, संपलं सगळं. मग तो पलंगावर थोडा बाजूला सरकला. माणसाला बसायला जागा करून देतात तसा.

"बस," तो म्हणाला.

ती बसली.

"तुझ्यासाठी केलंस होय," तो म्हणाला. "मग ठीक आहे. मला वाटत होतं, माझ्यावर उपकार केलेस. उपकार मला झेपत नाहीत, तुला माहीत आहे." आणि त्यानं चाचपडत उजव्या हातानं तिचा चेहरा शोधला. ते बोट या कामाला नवखं होतं. आधी कानाला लागलं, मग भुवईत गेलं. "हे काय, काहीच कळत नाही," तो पुटपुटला, पण हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं छापखान्यातून लहान मुलांचं अंकलिपीचं पुस्तक आणलं. उजव्या तर्जनीनं तो आजवर फक्त ओळ कुठे सुरू होते ते धरून ठेवायचा. वाचणं त्या बोटाला ठाऊकच नव्हतं. पहिल्या पानावरच त्यानं 'फ' चा 'द' केला.

"थांब," ती म्हणाली.

दोघंही चमकले. तिनं त्याला उभ्या आयुष्यात कधी थांबवलं नव्हतं. तो आधी लालबुंद झाला आणि मग असा हसला, असा हसला की नणंद स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली. रुग्णालयातल्या त्या बोलण्यापासून ती चुकल्यासारखी वागत होती आणि न सांगता पोळ्या लाटून देत होती. "काय झालं?" तिनं विचारलं.

"मला नापास केलं," तो म्हणाला. "पहिलीत."

वाचन काही झटकन आलं नाही. ठिपके एकमेकांत मिसळायचे, अर्ध्या ओळीत घाम फुटायचा, पुस्तक भिरकावून दिलं जायचं. तिनं ते उचलून गुपचूप पुन्हा टेबलावर ठेवायचं. कधीकधी कापून टाकलेलं टोक रात्रभर ठणकायचं, नसलेलं बोट दुखतं हे तिला पटायला वेळ लागला. पूर्वीचा वेग परत आला नाही आणि येणारही नव्हता. पण पुढल्या उन्हाळ्याच्या सुमाराला तो छापखान्यात जाऊ लागला, अर्धा दिवस. बालवाडीची, पहिली-दुसरीची पुस्तकं त्याच्याकडे दिली, कारण त्यात ओळी थोड्या असतात. "माझ्या वयाला साजेशी," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

हृदयाच्या तपासणीला दोघं पुन्हा त्या रुग्णालयात गेले तेव्हा डॉक्टरीणबाई भेटल्या. कागद पाहून झाल्यावर त्या जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या बोटांचं मला वाईट वाटतं. त्या दिवशी दुसरा मार्ग नव्हता. पण वाईट वाटतं."

"ते औषध मला बघायचंय," तो म्हणाला.

बघायचंय म्हणजे काय ते त्यांना लगेच कळलं. त्यांनी ब्रदरला आणायला सांगितलं आणि काचेची न फोडलेली कुपी त्याच्या उजव्या हातात ठेवली. त्यानं ती तळहातावर घोळवली. निमुळत्या मानेवरून बोट फिरवलं, बूड चाचपलं, कानाशी हलवून पाहिली.

"एवढंसंच?"

"एवढंसंच. तुम्हाला अशा पुष्कळ लागल्या."

"मला वाटलं होतं, बाटल्याच्या बाटल्या असतील." तो थोडा वेळ ती मुठीत धरून बसला. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते बायकोला कळेना, आणि तिला तर तो चेहरा पाठ होता. मग त्यानं कुपी जपून परत दिली. "कुणाच्या तरी कामाला येईल," तो म्हणाला. "फुटायला नको."

डॉक्टरीणबाई त्यांना दारापर्यंत पोहोचवायला आल्या. "आता कुणी नातेवाईक आले की मी आधी विचारते," त्या म्हणाल्या, "हे काम काय करतात, आणि कुठल्या हातानं. दर वेळी उपयोग होतोच असं नाही. पण विचारते."

"चांगलं करता," तो म्हणाला.

बाहेर रस्त्यावर ऊन होतं आणि बसथांब्यावर बरीच गर्दी. ती त्याला सावलीत घेऊन उभी राहिली.

"बाईंचा घसा अजून बसलेलाच आहे," तो म्हणाला. "दिवसभर बोलतात. घरी त्यांना कुणी पाणी विचारतं की नाही कोण जाणे."

"तुम्हाला सगळ्यांची काळजी. सकाळची गोळी घेतलीत का?"

"घेतली."

"खरं सांगा."

"नाही घेतली," तो म्हणाला, आणि तिनं पिशवीत हात घातला.